ओळ ४६, रकाना ३०

वाईच्या पूर्वेकडच्या एका गावात आम्ही पाण्याचा ताळेबंद मांडत होतो. किती पाऊस पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांनी किती घेतलं, असा तो हिशेब शाळेच्या व्हरांड्यात तक्त्यावर लिहायचा असतो. जलसंधारणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी माहितीची बाजू सांभाळते, त्यामुळे पावसाचा आकडा मीच वाचला. मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "ताई, एवढा पाऊस आमच्याकडं पडला असता तर टँकर कशाला लागला असता? ह्यो पाऊस आमचा न्हाई. वरच्या अंगाचा हाय."

वरचं अंग म्हणजे घाटमाथा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि घाट उतरून वाईत आलं की त्याच्या पावपटही उरत नाही. आजोबांचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलं आणि दोन दिवस त्याच्याच मागे लागले.

आमच्याकडे माहिती येते ती एकेक तऱ्हेची. हवामान विभागाचा अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या चौकोनांत बसवलेला रोजचा पाऊस, नासाच्या शटल मोहिमेत २००० साली मोजलेल्या उंचीच्या झिप फायली, गावांच्या हद्दींची शेपफाईल (नकाशातल्या रेषा साठवणारी फाईल), आणि शाळेतल्या गुरुजींनी पर्जन्यमापक बघून भरलेली एक्सेल. गुरुजींच्या एक्सेलमध्ये काही आकडे देवनागरी अंकांत आहेत आणि संगणक त्यांना आकडे न मानता मजकूर मानतो. पूर्वी यातली प्रत्येक गोष्ट आम्ही उघडून, दुरुस्त करून, नव्या नावाने सेव्ह करायचो. 'पाऊस_अंतिम', 'पाऊस_अंतिम_२', 'पाऊस_खरा_अंतिम'. कुठल्या फाईलवर कुणी काय केलं, हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता यायचं नाही.

जीडाल हाताशी आलं आणि हे थांबलं. नकाशांच्या तऱ्हेतऱ्हेच्या फायली वाचणारं आणि बदलून देणारं, फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. नकाशे बनवायला क्यूजीआयएस उघडणारा प्रत्येक जण नकळत तेच वापरत असतो. त्यातला माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे व्हीआरटी. ही एक छोटी मजकुराची फाईल असते. तिच्यात माहिती नसते, माहिती कुठून घ्यायची आणि तिचं काय करायचं एवढंच लिहिलेलं असतं. एका व्हीआरटीवर दुसरी, तिच्यावर तिसरी रचता येते. झिप न उघडता आतली उंची वाचणारा थर सगळ्यात खाली, त्याच्यावर शेजारशेजारचे तुकडे जोडणारा, त्याच्यावर ते अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या सपाट नकाशात (प्रक्षेपात) बसवणारा. गुरुजींच्या एक्सेलवर असाच एक थर आहे, तो वाचता वाचता देवनागरी अंक बदलून देतो. मूळ फाईलला कुणी हात लावत नाही. वरून मागणी आली की थर एकामागून एक जागे होतात आणि मागितलेल्या तुकड्यापुरताच हिशेब करतात. वेळ लागतो, म्हणून शेवटचा नकाशा तेवढा मी खरी फाईल करून ठेवते.

पावसाची फाईल मात्र अगदी उघडीवाघडी. तिला शीर्षक नाही, नाव नाही, आत नुसते आकडे. आडवे १३५, उभे १२९, प्रत्येक आकड्याला चार बाइट. म्हणजे एका दिवसाचे ६९,६६० बाइट आणि वर्षाचे २,५४,२५,९००. लीप वर्षाची फाईल बरोबर एका दिवसाने मोठी दिसते, ते पाहून मला अजूनही बरं वाटतं. पहिला आकडा ६६.५ पूर्व, ६.५ उत्तर या ठिकाणचा. तिथून पूर्वेला जायचं, ओळ संपली की उत्तरेला. हे सगळं समजावून सांगणारी व्हीआरटी सर्वांत तळाचा थर, आणि तिच्यावर जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस बेरीज करणारा.

त्या बेरजेत पहिल्याच दिवशी एक चूक झाली होती. जिथे नोंद नाही तिथे फाईलमध्ये उणे ९९९ असतं, आणि बेरजेच्या थराने तेही इमानाने मिळवलं. अरबी समुद्रात उणे १,२१,८७८ मिलिमीटर पाऊस! ती पाच मिनिटांत सापडली, कारण नकाशा बघताक्षणी डोळ्यात खुपला.

आजोबांनी पकडलेली चूक नकाशात कुठेच खुपत नव्हती. वरच्या थराला गावाचा आकडा विचारला, खालच्या थराला विचारला, दोघांनी एकच उत्तर दिलं. शेवटी थर बाजूला ठेवले आणि कागद घेतला. गाव ७३.९५ पूर्व, १७.९८ उत्तर. त्याला सगळ्यात जवळचा बिंदू ७४ पूर्व, १८ उत्तर. शून्यापासून मोजलं तर तो येतो ओळ ४६, रकाना ३० वर. म्हणजे प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीपासून २४,९६० बाइट सोडून पुढचे चार वाचायचे. वाचले. आकडा आमच्या तक्त्यावरच्यापेक्षा पुष्कळ कमी निघाला. आमचे थर वाचत होते ओळ ४५, रकाना २९. नैऋत्येचा चौकोन, घाटमाथ्याकडचा.

कारण एवढंच की ६६.५ आणि ६.५ हा पहिल्या चौकोनाचा मध्य आहे, आणि तळाच्या व्हीआरटीत मी तोच कोपरा म्हणून लिहिला होता. सगळा पाऊस अर्धा चौकोन ईशान्येला सरकला. अर्धा चौकोन म्हणजे आपल्या अक्षांशावर पूर्वेला तेरा किलोमीटर आणि उत्तरेला चौदा. विदर्भाच्या सपाटीवर हे कदाचित कळलंही नसतं. सह्याद्रीच्या कडेला तेरा किलोमीटरमध्ये भात संपून ज्वारी सुरू होते.

दुरुस्ती एका ओळीत झाली. ६६.५ च्या जागी ६६.३७५, ६.५ च्या जागी ६.३७५. वरचे सगळे थर, सगळ्या गावांचे ताळेबंद, पुढच्या मागणीला आपोआप नव्या जागेवरून वाचू लागले. जुन्या पद्धतीत हीच चूक पंचवीस-तीस फायलींत जाऊन बसली असती आणि त्यातल्या निम्म्या आम्हाला सापडल्याही नसत्या. पण तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही खरी आहे. तळातल्या त्या एका ओळीमुळे आमच्या यादीतलं एकूण एक गाव चुकीच्या जागेवरून वाचलं जात होतं, आणि थर इतके गुळगुळीत बसले होते की चार महिने मी खाली उतरून बघितलंच नाही.

आता पावसाचा कुठलाही थर नव्याने रचला की तीन गावांचे बाइट मी आधी हाताने मोजते, आणि गुरुजींची वही शेजारी उघडी ठेवते. बाकीच्या गावांचे तक्ते बदलायला अजून दोन आठवडे लागतील. आजोबांच्या गावात मात्र लगेच गेलो, व्हरांड्यातला तक्ता पुसला, नवा आकडा लिहिला. त्यांनी मान हलवली आणि विहिरीचं काय ते विचारलं.

तळाच्या फाईलमध्ये त्या ओळीच्या वर मी एक टीप लिहून ठेवली आहे: 'हा बिंदू चौकोनाचा मध्य आहे, कोपरा नाही. बदलण्याआधी ओळ ४६, रकाना ३० वाचून बघा.'