जिवंत रोपं टाकून कशी देता?

चैत्र लागला की आमच्या अंगणात एक प्रश्न ठरलेला असतो. कुंपणाच्या कडेला थर्माकोलची आठ खोकी, त्यांत स्ट्रॉबेरीची हिरवीगार पानं, आणि मी खुरपं घेऊन एकेक रोप उपटत बसलेली. फाटकातून आत येणारा माणूस थबकतोच. "अहो काकू, जिवंत आहेत की ती! टाकून कशी देता?" त्यातला एखादा चौकस पुढे विचारतो, "आणि गणपतीनंतर पुन्हा नवी विकत आणणार? हीच जपायची ना!"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते. फाटकात उभ्या उभ्या सांगितलेलं कुणाला पटत नाही, उलट मी जरा निर्दय बाई आहे असं तोंडावर दिसतं.

मी ती एकदा जपून पाहिलेली आहेत.

2019 च्या सप्टेंबरात वाईजवळच्या एका नर्सरीतून मी पहिली 24 रोपं आणली. खोकी मेडिकलवाल्याकडून फुकट मिळाली होती, प्रत्येकात तीन रोपं. पहिल्याच हंगामात साडेचार किलोच्या आसपास फळ निघालं. म्हणजे एका रोपाला पाव किलोही नाही, पण घरच्या अंगणातली स्ट्रॉबेरी म्हटल्यावर सगळ्या गल्लीत कौतुक. मार्चमध्ये फुलं थांबली. आणि मग 2020 चा तो उन्हाळा आला. सगळेच घरात कोंडलेले. रोपं वाचवायला याहून चांगला मुहूर्त कुठला? आमच्या आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्याही, "फळ दिलं म्हणून सोडून द्यायचं का? पोटच्या पोरासारखी वाढवलीस." झालं, मी पदर खोचला.

आंब्याखाली खोकी सरकवली. वर गोणपाट, ते दिवसातून तीनदा भिजवायचं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. एप्रिलभर रोपं झकास दिसत होती. नुसती दिसत नव्हती, धावत होती. प्रत्येकातून लांब लांब दोरे फुटले, दोऱ्याच्या टोकाला पिल्लू. याला सगळे रनर म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. मला वाटलं, व्वा, 24 ची 100 होणार. मे महिन्याच्या शेवटी सात रोपं उरली. जून-जुलैच्या झडीत त्यातली चार मधोमध कुजली. रनरची अकरा पिल्लं जगली, त्यांना मी बाळंतिणीसारखं सांभाळलं. ऑक्टोबरात त्यांची पानं आखडलेली, सुरकुतलेली निघाली. थंडीत फुलं आली, पण फळ आलं ते करवंदाएवढं, आणि तेही मोजून. शेजारच्याच खोक्यात त्या वर्षी हौसेने आणलेली सहा नवी रोपं होती, ती मात्र लगडली होती.

मग मी त्या नर्सरीवाल्यांना विचारायला गेले. ते हसले. म्हणाले, "ताई, आम्हीसुद्धा दरवर्षी नवीच लावतो." मला हे तोवर माहीतच नव्हतं, आणि साताऱ्यात राहून माहीत नव्हतं याची लाजही वाटली. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी म्हणून जिचा एवढा गवगवा, जिला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची मूळ रोपं परदेशातून येतात. मातृरोप म्हणतात त्याला. पावसाळ्याच्या तोंडाला ती येतात, वाईच्या बाजूला नर्सरीत लावली जातात, कारण वर महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथे काय टिकणार? पावसाळाभर मातृरोपाला रनर फुटू द्यायचे, पिल्लं पिशवीत रुजवायची, आणि पाऊस ओसरला की ती डोंगरावर शेतात लावायची. आपण खातो ते फळ त्या पिल्लांचं. हंगाम संपला की रान मोकळं. जातींची नावंसुद्धा सगळी तिकडचीच. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन फ्लोरिडा विद्यापीठाच्या, कामारोसा कॅलिफोर्नियाची. महाबळेश्वरजवळच्या भिलार गावातल्या शेतकऱ्याच्या तोंडी 'स्वीट चार्ली' इतकं सहज असतं, की जणू शेजारच्या वाडीतला कुणी चार्ली.

आता, का? थंड देशात हेच रोप तीन-चार वर्षं फळ देतं. तिथे हिवाळ्यात ते झोपतं, बर्फाखाली पडून राहतं, वसंतात ताजंतवानं होऊन उठतं. आपल्याकडे त्याला झोप नाही. आपला हिवाळा म्हणजे त्याच्या मते उत्तम हवा, म्हणून ते तेव्हा जीव तोडून काम करतं. दिवस लहान आणि रात्री गार असल्या की कळ्या धरतं. दिवस मोठा होऊन ऊन तापलं की कळ्या बंद, रनर सुरू. म्हणजे एप्रिलमध्ये मला जो उत्साह दिसत होता तो फळाचा नव्हता, पळून जाण्याचा होता. त्यात मावा नावाची कीड, ती एका रोपाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसते आणि विषाणू पसरवते. हा विषाणू रनरमधून पिल्लांतही उतरतो. माझी ती सुरकुतलेली पानं बहुतेक त्याचीच. त्यावर औषध नाही, निरोगी रोप आणणं हाच उपाय.

महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर, सातारा त्याच्या निम्म्या उंचीवर. तिथल्या शेतकऱ्याला जे जमत नाही ते मी आंब्याखाली गोणपाट भिजवून करायला निघाले होते.

एक गंमत सांगते, विषयाला थोडी सोडून आहे. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळात जंगलातली नाही. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच अधिकारी 1714 मध्ये चिलीहून मोठ्या फळांची मोजकी रोपं बोटीतून घेऊन मायदेशी परतला. रोपं जगली, पण सगळी मादी, त्यामुळे फळ धरेना. पुढे फ्रान्समध्येच चिलीच्या या जातीशेजारी उत्तर अमेरिकेतली दुसरी जात लावली गेली आणि त्या दोघींच्या संकरातून आपली ही आली. आई चिलीची, बाप उत्तर अमेरिकेचा, जन्म फ्रान्सचा. हे आईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आपल्या अंगणात कशाला रमेल ती?" तेव्हापासून उपटण्याला त्यांची हरकत नाही.

जपण्याचा नाद सोडल्यावर माझं लक्ष लावण्यापासून उपटण्यापर्यंतच्या सहा महिन्यांकडे गेलं, आणि तिथे चुका भरपूर होत्या. पहिली पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो. ते घातलं की पानांच्या कडा करपायच्या. मी खत वाढवत राहिले, म्हणजे आगीत तेल. स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत. नळाला कास तलावाचं पाणी येतं, ते बादलीत साठवून घालायला लागल्यावर नवी पानं स्वच्छ निघाली. माती आमची काळी, तीही चालत नाही. स्ट्रॉबेरीला किंचित आंबट, निचऱ्याची माती लागते, महाबळेश्वरच्या लाल मातीसारखी. मी लाल माती, शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असं मिसळते, खोक्याला खाली भरपूर भोकं.

लावताना एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची. पानांचे देठ जिथून एकत्र फुटतात तो बुडखा, त्याला क्राऊन म्हणतात, तो बरोबर मातीच्या पातळीवर हवा. खाली गाडला की कुजतो, वर राहिला की मुळं सुकतात. मला विचारून लावलेली आणि तरीही मेलेली रोपं मी पाहिली आहेत, दहातली आठ खोल गाडलेली होती.

आणि दुसरी मोठी चूक जाळीची. बुलबुल आणि खार यांना फळ आपल्या आधी कळतं. म्हणून मी एका वर्षी फुलं येताच सगळ्यावर जुनी मच्छरदाणी टाकली. पक्षी आले नाहीत, मधमाश्याही आल्या नाहीत. फळं आली ती वेडीवाकडी, एका बाजूला फुगलेली, दुसरीकडे चिमटलेली. कारण स्ट्रॉबेरीवर जे पिवळे दाणे आपण बी समजतो, तेच खरं तर एकेक फळ असतं. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. जो दाणा फळला नाही, त्याच्या खालचा गर फुगत नाही. आता मी फळ पांढरं झाल्यावरच जाळी टाकते, आणि खाली उसाचं पाचट पसरते, म्हणजे फळ मातीला टेकून बुरशी धरत नाही.

हो, आणि पांढरं फळ तोडून तांदळात ठेवू नका. आंब्यासारखी ही अढीत पिकत नाही. रंग थोडा चढेल, गोडी जिथली तिथे. शेजारचा छोटा दर जानेवारीत हा प्रयोग माझ्या फळांवर करतो.

निळ्या स्ट्रॉबेरीचं बी ऑनलाइन मागवणाऱ्यांना मात्र मी काही सांगत नाही. निळी स्ट्रॉबेरी नसते, एवढंच.

तर हिशेब असा. अनंत चतुर्दशी झाली की वाईला फोन. कोजागिरीच्या आत लागवड. दिवाळीच्या सुमाराला फुलं, मार्गशीर्षात पहिली वाटी देवापुढे. जानेवारी-फेब्रुवारी भर. होळीनंतर फळ लहान आणि आंबट होत जातं, गुढी उभारली की खुरपं हातात. गेल्या खेपेला रोप 15 रुपयांना पडलं, म्हणजे 24 ची 360 रुपये. उपटलेली रोपं मी खतातही घालत नाही, रोग तिथे मुक्काम करतो. त्या मातीत लाल माठ टाकते, तो तीन आठवड्यांत खायला येतो.

ज्यांना फारच वाईट वाटतं त्यांना मी ती रोपं देऊनही टाकते, पिशवी तुमची आणायची. गेल्या चैत्रात चौघींनी नेली. मे महिन्यापर्यंत चौघींनीही लांबलचक रनरचे फोटो पाठवले, खाली बदाम. नंतर पाऊस सुरू झाला आणि फोटो थांबले. त्यातल्या दोघींनी परवा विचारलं, वाईला फोन कधी करणार, आमची बारा-बारा धराल का?