रविवारची दुपार इराणची

आमच्या चित्रपट मंडळाचा वार्षिक महोत्सव संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी भरायचा. शाळेचं सभागृह, खिडक्यांना काळे पडदे, पुढे सतरंज्या, मागे लोखंडी खुर्च्या. दोन दिवसांत नाना देशांचे सिनेमे दाखवले जायचे, पण रविवारची दुपार इराणची हे ठरलेलं होतं. इंग्रजी उपशीर्षकं सगळ्यांना वाचता यायची नाहीत. म्हणून मराठी शिकवणाऱ्या एक बाई माईक घेऊन पडद्याच्या बाजूला बसायच्या आणि हलक्या आवाजात मराठीतून सांगत जायच्या. मला आजही सब्झियानचं बोलणं बाईंच्याच आवाजात आठवतं.

सब्झियान म्हणजे इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींच्या १९९०च्या ‘क्लोज-अप’मधला माणूस. हुसेन सब्झियान हा तेहरानमधला छापखान्यातला कामगार, गरीब आणि सिनेमावेडा. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना त्याने सांगितलं की, मी दिग्दर्शक मोहसिन मखमलबाफ. मग त्यांच्या घरी त्याचं जाणं-येणं सुरू झालं. तुमच्या घरात चित्रीकरण करू, तुम्हालाही भूमिका देऊ, असं तो सांगत राहिला. संशय आला, अटक झाली आणि एका नियतकालिकात बातमी छापून आली. ती वाचून किआरोस्तामींनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि थेट खटला चित्रित करायची परवानगी मिळवली. फसवणारा, फसलेलं कुटुंब, बातमीदार, सगळे स्वतःच्याच भूमिकेत. आधी घडून गेलेले प्रसंग त्यांनी कॅमेऱ्यासमोर पुन्हा करून दाखवले.

सुरुवातीला अटक होते, पण आपल्याला ती दिसतच नाही. आपण टॅक्सीवाल्याबरोबर गल्लीत थांबतो. तो पाचोळ्याच्या ढिगातून दोन-चार फुलं वेचतो, एका रिकाम्या डब्याला पाय लावतो आणि तो डबा उतारावरून कितीतरी वेळ घरंगळत जातो. सतरंजीवरची पोरं मान वळवून वळवून त्या डब्याकडे बघत होती. काही घडत नसताना अख्खं सभागृह इतकं गुंतलेलं मी दुसऱ्या कुठल्याच सिनेमाला पाहिलं नाही.

आणि शेवट! सब्झियान तुरुंगातून सुटतो तेव्हा बाहेर खरे मखमलबाफ उभे असतात. तो रडू लागतो. दोघे मोटारसायकलवरून निघतात, मागून गाडीतून चित्रीकरण चालू असतं आणि मध्येच आवाज तुटायला लागतो. आमच्या सभागृहात एकच गिल्ला झाला, ‘आवाज, आवाज!’ मंडळाचा एक मुलगा स्पीकरच्या वायरी तपासायला धावला. तेवढ्यात पडद्यावरचीच मंडळी माईक खराब असल्याचं बोलू लागली, बाईंनी ते सांगितलं आणि सगळे खाली बसले. तो आवाज किआरोस्तामींनी मुद्दाम तोडला होता, हे आम्हाला पुढे कळलं. त्यामुळे त्या दोघांचं बोलणं त्यांच्यापाशीच राहिलं. मला तो निर्णय फार मोठ्या मनाचा वाटतो.

नंतर चहाबरोबर चर्चा. यातलं खरं किती आणि रचलेलं किती, यावर दोन तट पडले. कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, ‘आरोपीला इतकं बोलू देतात होय? आमच्याकडे तर कुणी ऐकूनच घेत नाही.’ मला वाटतं, काकांनी नेमकी नस पकडली होती. कामकाज संपून न्यायाधीश निघून गेल्यावरही किआरोस्तामी त्या दालनात सब्झियानला बोलतं ठेवून चित्रीकरण करत राहिले होते. दस्तऐवज म्हणून बघितलं तर ही लबाडी ठरेल. पण त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी पूर्ण ऐकून घेत होतं, ते तर खरंच होतं ना?

ही माणुसकी या सिनेमांत पुन्हा पुन्हा भेटत गेली. पुढच्या एका वर्षी मखमलबाफांचा १९९६चा ‘अ मोमेंट ऑफ इनोसन्स’ लावला. इराणमध्ये शहाच्या राजवटीत सतरा वर्षांच्या मखमलबाफांनी एका पोलिसावर चाकू चालवला होता आणि त्यापायी क्रांती होईपर्यंत तुरुंग भोगला होता. वीसेक वर्षांनी तोच पोलीस भूमिका मागायला आला. मग दोघांनी मिळून तो प्रसंग पुन्हा उभा केला, ज्याने त्याने आपल्या तरुणपणासाठी पोरगा निवडला आणि त्याला शिकवलं. शेवटी त्या पोरांच्या हातून चाकू-पिस्तूल पुढे येतच नाही. एकाच्या हातात फुलांची कुंडी, दुसऱ्याच्या हातात रोटी, मध्ये एक मुलगी, आणि चित्र तिथेच थिजतं. त्या दिवशी टाळ्या थांबेनात.

मखमलबाफांची मुलगी समीरा हिच्या ‘द ॲपल’मध्ये वर्षानुवर्षं घरात कोंडून ठेवलेल्या दोन बहिणी आणि त्यांचा बाप हे खरेच आहेत. दिग्दर्शक जाफर पनाहींच्या ‘द मिरर’मधली छोटी मीना मध्येच कॅमेऱ्याकडे बघून काम करायला नकार देते, हातावरचं खोटं प्लॅस्टर काढते आणि बसमधून उतरते. पोरं बेहद्द खूश. आणि इराणमधल्या १९९०च्या भूकंपानंतरच्या, किआरोस्तामींच्या ‘लाइफ, अँड नथिंग मोअर’मधले ते म्हातारे! मागच्या सिनेमात मला पोक लावून उगाच जास्त म्हातारं केलं, अशी त्यांची तक्रार. सभागृहातल्या आजोबा मंडळींना ती मनापासून पटली.

फारसी सिनेमाचं आपल्याशी जुनं नातं आहे, हे मंडळातले एक जुने सभासद दरवर्षी आवर्जून सांगायचे. पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लुर’ १९३३मध्ये आला, तो मुंबईत इम्पीरियल कंपनीत तयार झाला होता. दिग्दर्शक आपल्या ‘आलम आरा’चेच अर्देशिर इराणी.

पनाहींवर २०१०मध्ये वीस वर्षांची चित्रपटबंदी आली. तरी त्यांनी ‘टॅक्सी’ केला, गाडीत कॅमेरा बसवून आणि स्वतः गाडी चालवून. २०१५मध्ये त्याला बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळालं. त्यात सीडी विकणारा एक जण पनाहींना ओळखतो आणि आत्ता उतरलेले प्रवासी नटच होते ना, असं विचारतो. आमच्या मनातलाच प्रश्न तो पडद्यावरून विचारत होता! पुढे वकील नसरीन सोतूदेह गुलाबं घेऊन गाडीत बसतात. त्या खऱ्याच वकील, तुरुंग सोसून आलेल्या. आमच्याकडे श्रेयनामावली संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, अशी पद्धत होती. पण या सिनेमाला श्रेयनामावलीच नाही. ती सरकारी खात्याने मंजूर करायची असते, एवढंच पडद्यावर येतं. नावं का नाहीत ते लोकांच्या लक्षात आलं आणि सगळे एकदम बोलू लागले. सोतूदेहबाईंनी बोललेलं आधी लिहिलेलं असेल की त्यांचं त्यांना सुचलेलं, यावर काका आणि कॉलेजची पोरं हमरीतुमरीवर आली. शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात उभे राहिले, तेव्हा सगळे भांडत भांडतच चहाच्या गाडीकडे निघाले.