ट्राइकसाठी लिफ्ट: जांभ्यावरची जमीन आणि पंख

मंडळी, गुहागरच्या शेडमधली खबर. गाडी उचलायची लिफ्ट बसली, ट्राइक (मागे दोन चाकं लावलेली बाइक) वर चढली आणि मागचा ॲक्सल आता थेट कमरेच्या उंचीवर आलाय. गाडी आतेभावाची, क्लासिक ३५०. पोलिओमुळे दादाचा उजवा पाय अधू आहे आणि त्याला साइडव्हीलची स्कूटर नको, बुलेटच हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, त्यामुळे कागद आधी, वेल्डिंग नंतर.

कोकणात लिफ्ट घेणाऱ्यांनी पहिला खर्च जमिनीवर करावा, असं माझं ठाम मत आहे. आपला जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यात अँकर बोल्ट ठोकला तर आज घट्ट वाटतो, भार हलायला लागला की भोक मोठं होत जातं. सारवलेल्या खळ्यात तर लिफ्टचे पाय रुततातच. म्हणून जोतं उचलून जाळी टाकली, वर सहा इंच काँक्रीट, आणि २८ दिवस पुरे झाल्यावरच बोल्ट. हे काम पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायला हवं.

आता टेबल. बाइकच्या लिफ्टचं टेबल माझ्याकडे ६६ सेंटिमीटर रुंद आहे आणि ट्राइकच्या मागच्या चाकांत मध्यापासून मध्यापर्यंत ११० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना ३५-३५ सेंटिमीटरचे पंख लावले. हे पंख नुसते कडेला बोल्ट करून भागत नाही. चाकांचा सगळा भार टेबलाच्या बाहेर पडतो आणि कड पिळवटते. त्यामुळे या पंखापासून त्या पंखापर्यंत टेबलाखालून सलग सी-चॅनल (C आकाराचा लोखंडी बार) घेतला, तोही अशा जागी की लिफ्ट मिटताना तिच्या कात्रीसारख्या पायांना अडणार नाही.

गाडी आता पावणेतीनशे किलोच्या आसपास भरेल, लिफ्ट साडेचारशेची आहे. पण नुसतं वजन बघू नका, ते कुठे आहे ते बघा. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) आणि दोन चाकं आल्यावर गुरुत्वमध्य बाइकपेक्षा बराच मागे सरकतो. फ्रेमखाली जॅक लावणाऱ्यांनी तो बाइकच्या खुणेवर न लावता मागे घ्यावा. ॲक्सल बाहेर काढला की उलटं होतं, सगळा भार पुढे जातो. म्हणून त्याआधी फ्रेम चारही बाजूंनी रॅचेट बेल्टने ताणून बांधायची आणि खाली घोडे (टेकूचे स्टँड) लावायचे. वर चढवल्यावर लोखंडी लॉक पिन घातल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. हायड्रॉलिकच्या भरवशावर तर कधीच नाही.

पंप पायाचा घेतला. पावसात वीज गेली तरी गाडी वर अडकून राहत नाही. आणि काम संपलं की लिफ्ट नेहमी खाली मिटवून ठेवतो. खारा वारा सिलिंडरच्या उघड्या दांड्यावर बसला की क्रोमला बारीक खड्डे पडतात, ते सील कापतात आणि मग लिफ्ट आपसूक खाली बसायला लागते. समुद्राकाठच्यांनी ही सवय लावून घ्याच.

डिफरन्शियलबद्दल बरेच जण विचारतात, सरळ सलग ॲक्सल का नाही? पाच मीटर त्रिज्येच्या वळणात या गाडीचं बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने जास्त अंतर कापतं. सलग ॲक्सलवर एक चाक घासत जाणार आणि गाडी सरळच ढकलली जाणार. दादाला कुंभार्ली घाटातून कराडला जायचंय, तिथल्या वळणांवर हे परवडणार नाही.

सध्या दोन्ही हब बसलेत, चेनची रेषा दोरी धरून जुळवली आहे. पुढचं काम ब्रेकचं: मागचा ब्रेक उजव्या पायाकडून काढून डाव्या हाताच्या अंगठ्याकडे आणायचाय. शिवाय पार्किंग ब्रेक वेगळा हवा, कारण उतारावर ट्राइकला साइड स्टँडचा आधार नसतो. मागच्या दोन ड्रमना सारखाच ताण देणारी केबल कोणी घरी बनवली असेल तर मापं जरूर कळवा.