आमची वाटचाल : कोष्टकातल्या आकड्याच्या मागे

प्रेशर व्हेसल (दाब सोसणारी बंद टाकी) आणि हीट एक्स्चेंजर (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण) यांच्या डिझाइनची गणितं करून देणं हे आमच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवातीची कामं साधी असत. फॅब्रिकेटर, म्हणजे टाकी बनवणारा कारखानदार, व्यास, दाब आणि तापमान सांगायचा, आम्ही एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरिंग संस्थेच्या कोडमधल्या कोष्टकातून अलाउएबल स्ट्रेस, म्हणजे धातूवर चालणारा कमाल ताण, उचलायचो, सूत्रात घालायचो आणि जाडी काढून द्यायचो. एवढं तर कुणीही करून देतं. आम्ही टिकलो, कारण तो आकडा कसा ठरतो ते मुळातून शिकून घेतलं.

एसए-५१६ ग्रेड ७० ही आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी कार्बन स्टीलची प्लेट. तिची किमान टेन्साइल (तुटण्याआधी सोसलेला कमाल ताण) ४८५ मेगापास्कल, यील्ड (जिथून धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण) २६०. कोडच्या प्रेशर व्हेसलवरच्या भागातल्या, म्हणजे सेक्शन एट डिव्हिजन १ च्या, नियमानुसार टेन्साइलला ३.५ ने भागलं की १३८ येतात आणि यील्डचे दोन तृतीयांश घेतले की १७३. यातला लहान तो खरा, म्हणून कोष्टकात १३८. ३०४ स्टेनलेसला नेहमीच्या तापमानाला जवळपास हाच आकडा आहे, पण तिथे तो यील्डवरून ठरतो. नव्याने येणाऱ्या इंजिनिअरला आम्ही आधी हाच फरक कागदावर मांडायला लावतो.

ग्राहकाशी सर्वाधिक चर्चा होते ती मिल टेस्ट सर्टिफिकेटवर, म्हणजे पोलाद कारखान्याने दिलेल्या प्लेटच्या चाचणीच्या दाखल्यावर. ‘प्लेट ५४० टेन्साइलची आली आहे, मग जाडी कमी करा ना,’ असं ते म्हणतात. मागणी स्वाभाविक आहे, पण आम्ही ठामपणे नाही म्हणतो. कोडचा आकडा स्पेसिफिकेशनच्या किमान मूल्यावर बांधलेला असतो, हातात आलेल्या प्लेटवर नाही. टेस्टचा नमुना प्लेटच्या एका जागचा असतो, व्हेसल मात्र सगळ्या प्लेटची बनते.

भागाकारातला तो ३.५ सुद्धा कायमचा नव्हता. पूर्वी तो ५ होता, दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी ४ वर आला आणि १९९९ च्या सुधारणेत ३.५ झाला. दीड मीटर आतला व्यास, २ मेगापास्कल दाब आणि वेल्डची पूर्ण रेडिओग्राफी (क्ष-किरण तपासणी) धरली, तर याच प्लेटची जाडी गंजाचा भत्ता सोडून ५ ला १५.७, ४ ला १२.५ आणि ३.५ ला ११ मिलिमीटर येते. पोलाद, वेल्डिंग आणि तपासणी सुधारत गेली म्हणून कोडला ही सूट देता आली. आमच्या मते, ज्या शॉपमध्ये ही शिस्त नाही त्याने या सुटीचा फायदा घेऊ नये.

फर्मला ओळख मिळाली ती स्टेनलेसच्या एका एक्स्चेंजरमुळे. ऑस्टेनिटिक स्टेनलेसला (३०४ याच प्रकारातलं) चढ्या तापमानाला कोष्टकात दोन ओळी असतात. वरच्या ओळीत त्या तापमानाच्या यील्डच्या ९० टक्क्यांपर्यंत ताण चालतो, खालच्या ओळीत दोन तृतीयांशच. वरची ओळ धरली की धातू किंचित कायमचा ताणला जाऊ शकतो. शेलला (बाहेरच्या नळकांड्याला) ते सोसतं, पण गॅस्केट बसणारा फ्लँज (बोल्टने जोडायची कडी) जरा जरी वाकला तरी गळती लागते. आम्ही शेलला वरची ओळ घेतली, फ्लँजला खालची, आणि का घेतली ते कॅल्क्युलेशन शीटवरच लिहिलं. ग्राहकाच्या इंजिनिअरने ते वाचलं आणि पुढची कामं आपणहून पाठवली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक शीटवर ‘हा ताण कशावरून ठरला’ असा रकाना असतो.

तापमान आणखी वाढलं की क्रीप, म्हणजे स्थिर ताणाखाली धातूचं हळूहळू ताणत जाणं, सुरू होतो आणि हिशोबात वेळ शिरते. १,००० तासांत ०.०१ टक्का क्रीप घडवणारा ताण, १,००,००० तासांत धातू तोडणाऱ्या सरासरी ताणाचे ६७ टक्के आणि तशाच किमान ताणाचे ८० टक्के, अशा कसोट्या लागतात. लाख तास म्हणजे व्हेसलचं आयुष्य नव्हे, तो ताण ठरवण्याचा पाया आहे, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला समजावून सांगतो. साध्या कार्बन स्टीलला ४२५ अंशांच्या वर दीर्घकाळ ठेवलं तर कार्बाइडचं ग्रॅफाइट होऊ शकतं. तिथे कोष्टकात आकडा असला तरी आम्ही क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित पोलाद) सुचवतो.

अलीकडे सेक्शन एटच्याच डिव्हिजन २ ची, म्हणजे जास्त विश्लेषण मागणाऱ्या नियमांची, कामं वाढली आहेत. तिथे क्लास २ च्या व्हेसलसाठी टेन्साइलला २.४ ने भागतात. त्यामुळे याच ग्रेड ७० ला टेन्साइलवरून २०२ येतात, यील्डवरून १७३, आणि ताण यील्डवर ठरतो. प्लेट पातळ होते, पण विश्लेषण आणि तपासणीचा खर्च वाढतो. जाड भिंतीच्या व्हेसलला ते परवडतं, लहान टाकीला नाही. म्हणून कोटेशन देतानाच आम्ही दोन्ही डिव्हिजनची जाडी आणि वजन शेजारी शेजारी मांडून देतो.