लॅक्स्टनच्या शिवारातील हद्दपाहणी

नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन गावाच्या शेतहद्दींचा आराखडा तयार करण्याचे काम आमच्या मोजणी कार्यालयाकडे आले, तेव्हा नोव्हेंबरअखेर होणारी वार्षिक हद्दपाहणी मी समक्ष पाहावी असे ठरले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडमधील बहुतेक सामायिक शिवारे मोडली आणि त्यांना कुंपणे घातली. येथे मात्र वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तिन्ही शिवारे टिकून आहेत आणि त्यांतील लांबट पट्ट्या निरनिराळे शेतकरी मध्ये कुंपण न घालता कसतात. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पड, असा फेर चालतो.

तयारीसाठी मी 1635 चा नकाशा अभ्यासला होता. मार्क पियर्स या मोजणीदाराने केलेला हा नकाशा आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे; त्यात प्रत्येक पट्टी दाखवली असून सोबतच्या नोंदवहीत तिचा कसणारा आणि क्षेत्रफळ एकर, रूड व पर्च या मापांत दिलेले आहे. एकराचे 160 चौरस पर्च होतात, म्हणजे आपला गुंठा बरोबर चार पर्चांचा. गुंठ्यांत विचार करण्याची सवय असलेल्या मला ती वही वाचणे त्यामुळे सोपे गेले. नकाशा करवून घेणारा जमीनमालक सर विल्यम कोर्टेन हा लंडनचा धनाढ्य व्यापारी होता. त्याच 1635 साली पहिल्या चार्ल्स राजाने त्याच्या व्यापारी मंडळाला पूर्वेकडील व्यापाराची परवानगी दिली, 1636 मध्ये त्यांची जहाजे गोव्याला पोहोचली आणि पुढे भटकळ व कारवार येथे त्यांच्या वखारी निघाल्या. कोर्टेन स्वतः मात्र 1636 मध्येच वारला.

पाहणीच्या सकाळी पंच, म्हणजे तेथील ज्युरी, ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर बसून गव्हाच्या शिवारात निघाले. शेताच्या कडेने आणि सखल भागांतून ‘साइक’ नावाच्या गवताच्या सामायिक पट्ट्या जातात. ओल किंवा उतार यांमुळे त्या नांगरता येत नाहीत आणि त्यांवरील गवताचा दरवर्षी लिलाव होतो. नांगराचा फाळ या गवतात किंवा वाटेत सरकला आहे का, हेच पंचांना पाहायचे असते. आपल्याकडे ज्याला बांध कोरणे म्हणतात, तोच हा प्रकार, आणि कोरणारा बहुधा शेजारीच असतो, हेही तसेच.

एका ठिकाणी नांगरट गवतात दोन पावले आत आली होती. माझ्या हातात उपग्रहाधारित मोजणीयंत्र होते आणि जुन्या नकाशावरून काढलेली रेषाही त्यात होती. परंतु कोणी ती विचारली नाही. पंचप्रमुखाने पट्टीच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली, वयस्क शेतकऱ्यांनी ओहोळाच्या वळणावरून आपसांत थोडी चर्चा केली आणि लाकडी खुंट ठोकला गेला. ज्याची ती पट्टी होती तो शेतकरी तेथेच उभा होता. त्याने इतरांची थट्टा ऐकून घेतली, पण खुंटाच्या जागेबद्दल वाद घातला नाही. मी नंतर नोंद घेतली, तेव्हा खुंट आणि माझी रेषा यांत थोडाच फरक निघाला. आमच्या व्यवसायात एवढ्या फरकासाठी दोन भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्यामुळे ती शांतता मला यंत्रातील आकड्यांपेक्षा अधिक आश्चर्याची वाटली.

या शांततेमागे केवळ समजूतदारपणा नाही, अधिकारही आहे. पुढच्या आठवड्यात मॅनरचे, म्हणजे जुन्या जहागिरीचे, न्यायालय ‘कोर्ट लीट’ गावातील डव्हकोट इन या पबमध्ये भरते, तेथे दंड ठरतो आणि पुढील वर्षाच्या पंचांना शपथ दिली जाते. 1977 च्या न्यायप्रशासन कायद्याने अशा जुन्या न्यायालयांचे खटले चालवण्याचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनला त्यातून वगळले. जमिनीची मालकी अर्ल मॅनव्हर्सकडून 1952 मध्ये कृषी मंत्रालयाकडे, तेथून राजमुकुटाच्या नावावरील मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे गेली. पाहणी आणि न्यायालय मात्र चालूच राहिले. उद्या ज्याच्यावर दंड बसेल तोच परवा पंच म्हणून दुसऱ्याचा बांध पाहणार असतो, हा बंदोबस्त मला कोणत्याही यंत्राहून खात्रीचा वाटतो.

आराखडा काढताना हद्दीसाठी कोणती रेषा धरायची, असे वरिष्ठांनी विचारले. मी पंचांनी ठोकलेले खुंट जोडून ठळक रेषा काढली, 1635 ची रेषा तुटक दाखवली आणि दोहोंतील अंतर शेऱ्यात लिहिले.