शेवटच्या क्लूमधलं ‘हे’ आधी शोधा

‘जेपर्डी’ या अमेरिकन क्विझ शोच्या प्रत्येक भागासाठी ६१ क्लू, म्हणजे उत्तर ओळखण्यासाठी दिलेली विधानं, तयार असतात. पहिल्या फेरीत ३०, दुसऱ्या फेरीत ३० आणि सगळ्यात शेवटी एकच. पहिल्या साठांत बझर कोण आधी दाबतो यावर बराच खेळ ठरतो. शेवटच्या क्लूला बझर नाही. ज्यांच्या खात्यात शून्याच्या वर रक्कम आहे ते सगळे एकाच क्लूवर ३० सेकंदांत उत्तर लिहितात. म्हणून ही ज्ञानाची खरी कसोटी, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. क्लू शब्दांवर खेळणारा असेल तर ती वाचनाची कसोटी असते. उत्तर ठाऊक असलेला माणूसही तिथे आपटतो, कारण त्याने विचारलेलं सोडून सापडलेलं लिहिलेलं असतं.

नमुन्यासाठी रचलेला हा क्लू घ्या. श्रेणी: जगातल्या राजधान्या. क्लू: ‘१८६८ साली नाव बदललेल्या या शहराच्या आजच्या नावाचे दोन तुकडे आलटून पालटून लावले, की पूर्वी राजधानीचा मान ज्याच्याकडे होता ते शहर मिळतं.’

नावांचे तुकडे उलटे लावून बघितले की टो-क्यो आणि क्यो-टो ही जोडी चटकन जुळते. आणि घात नेमका इथेच होतो. ‘जुनी राजधानी’ म्हटल्यावर क्योटो आधी आठवतं, त्याचे तुकडे उलटले की टोक्यो मिळतं, कोडं सुटल्यासारखं वाटतं आणि हात क्योटो लिहून मोकळा होतो. क्लूने मात्र ‘या शहराच्या’ असं म्हणून टोक्यो मागितलेलं आहे. शब्दखेळाचा क्लू नेहमी दोन नावं हातात देतो, आणि त्यातलं एक फक्त शिडी असतं. चढून गेल्यावर शिडीच उत्तर म्हणून लिहायची, ही इथली सगळ्यात महागडी चूक. नायजर आणि नायजेरियाचंही तसंच. ‘या भूवेष्टित देशाच्या नावाला रोमन लिपीत शेवटी दोन अक्षरं जोडली की दक्षिणेचा शेजारी मिळतो’ असं विचारलं तर उत्तर नायजर. नायजेरियाला समुद्रकिनारा आहे, तेव्हा ‘भूवेष्टित’ हा एकच शब्द वाचला तरी चूक टळते.

टोक्योच्या क्लूमध्ये ‘आजच्या’ हा शब्द उगाच नाही. तो काढला तर ‘एडो’ लिहिणाराही हुज्जत घालू शकेल, कारण १८६८ साली बदललेलं नाव तेच होतं. चांगल्या क्लूमधला प्रत्येक शब्द असा कुठलं तरी दार बंद करायला बसवलेला असतो. तरी हा क्लू एका ठिकाणी लंगडा आहे. जपानी लिपीत दोन्ही नावांतलं ‘क्यो’ एकच चिन्ह आहे, त्याचा अर्थ राजधानी. पण दोन ‘टो’ वेगळे आहेत: टोक्योतला ‘पूर्व’ या अर्थाचा, क्योटोतला महानगर या अर्थाचा. म्हणजे अदलाबदल रोमन किंवा देवनागरी लिपीतच जमते. नायजरच्या क्लूमध्ये घातलेले ‘रोमन लिपीत’ हे दोन शब्द इथेही हवे होते. शब्दखेळ रचणाऱ्यांनी ही काळजी घ्यायलाच हवी, नाहीतर जास्त माहिती असलेला स्पर्धकच विनाकारण अडखळतो.

आता खरा क्लू बघू. ३० नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेल्या भागात केन जेनिंग्ज हे स्पर्धक हरले. त्याआधी ते सलग ७४ वेळा जिंकले होते. श्रेणी होती उद्योग-व्यवसाय, आणि क्लूचा आशय असा: या कंपनीचे ७०,००० हंगामी व्हाइट-कॉलर (म्हणजे कचेरीत बसून काम करणारे) कर्मचारी बहुतांशी वर्षातले चारच महिने काम करतात. जेनिंग्जनी फेडएक्स लिहिलं, म्हणजे पार्सलं पोचवणारी कंपनी. उत्तर होतं एच अँड आर ब्लॉक, लोकांचे आयकराचे कागद भरून देणारी कंपनी.

सगळी गोम ‘हंगामी’ या शब्दात आहे. अमेरिकेत ‘सीझन’ म्हटलं की नाताळ, भेटवस्तू आणि पार्सलांचे ढीग डोळ्यांपुढे येतात. पण तिथे कर भरण्याचाही सीझन असतो, जानेवारीपासून साधारण १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळपास चार महिने. फेडएक्स हे उत्तर क्लूवर ठेवून बघा. ७०,००० चालून जातात, हंगामी चालतं. व्हाइट-कॉलर चालत नाही, कारण नाताळात जादा माणसं लागतात ती पार्सलं उचलायला आणि पोचवायला. चार महिनेही बसत नाहीत, नाताळची गर्दी इतकी लांबत नाही. दोन खुंट्या बसल्या, दोन निसटल्या. शेवटच्या क्लूला सगळ्या खुंट्या बसाव्या लागतात.

याच भागातलं पैशाचं गणितही बघण्यासारखं आहे. रक्कम पणाला लावायची ती फक्त श्रेणी बघून, क्लू दिसण्याआधी; उत्तर बरोबर आलं तर तेवढी वाढते, चुकलं तर तेवढी जाते. जेनिंग्ज १४,४०० डॉलरवर होते, दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धक १०,००० वर. पुढे असलेल्याचा नेहमीचा हिशेब असा: दुसऱ्याची दुप्पट, अधिक १, वजा आपली रक्कम. म्हणजे २०,००१ वजा १४,४००, बरोबर ५,६०१. तेवढेच त्यांनी लावले आणि उत्तर चुकल्यावर ८,७९९ वर आले. तिने ४,४०१ लावले, बरोबर लिहिलं आणि १४,४०१ वर पोचली.

तरी दुसऱ्या क्रमांकावरून खेळणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. पुढचा ५,६०१ लावणार हे गृहीत धरलं तर त्याचं उत्तर बरोबर आल्यावर आपण काहीही लावून उपयोग नाही. आपल्याला संधी आहे ती तो चुकला तरच, आणि चुकला तर तो ८,७९९ वर येतो. मग १,२०० पर्यंतच लावलं तर आपणही चुकलो तरी ८,८०० उरतात आणि एका डॉलरने का होईना, जिंकतो. ४,४०१ लावून दोघंही चुकले असते तर तिच्याकडे ५,५९९ राहिले असते. श्रेणीच्या नावातच शब्दखेळाचा वास येत असेल तर तिन्ही स्पर्धक चुकण्याची शक्यता वाढते, असं माझं मत आहे, आणि अशा वेळी दुसऱ्याने हात आखडता घ्यावा. पहिल्याची रक्कम दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असेल तर प्रश्न सोपा: २०,००० विरुद्ध ९,००० असताना १,९९९ च्या वर जायचं नाही.

नुसतं ज्ञान कमी पडतं याचा पुरावा फेब्रुवारी २०११ मध्ये आयबीएमच्या वॉटसन संगणकाने दिला. श्रेणी: अमेरिकेतली शहरं. क्लूची घडण साधारण अशी: ‘याचा सर्वांत मोठा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातल्या वीराच्या नावाचा, दुसऱ्या क्रमांकाचा, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईच्या.’ दुसऱ्या तुकड्यात ‘विमानतळ’ही नाही आणि ‘नावाचा’ही नाही, दोन्ही वाचणाऱ्याने मनातून भरायचे. वॉटसनने टोरंटो लिहिलं, पुढे पाच प्रश्नचिन्हं. त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या दोन्ही माणसांनी शिकागो लिहिलं: ओ’हेअर आणि मिडवे. मिडवे हे नाव इतकं साधं, ‘अर्ध्या वाटेवर’ अशा अर्थाचं, की त्यामागची लढाई सहज नजरेआड होते. वॉटसनने फक्त ९४७ डॉलर लावले होते म्हणून निभावलं.

तीस सेकंदांचं नियोजन करताना एक गोष्ट हिशेबात धरा: घड्याळ सुरू होतं ते सूत्रसंचालकाने क्लू वाचून झाल्यावर. वाचन चालू असतं तो वेळ फुकटचा, आणि तो उत्तर शोधण्यात घालवू नये. त्या वेळात फक्त ‘हा’, ‘ही’, ‘हे’, ‘या’ कुठे आहे आणि त्याला चिकटलेलं नाम कोणतं ते पकडायचं: या शहराच्या, या देशाच्या, या कंपनीचे. त्यातच, उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यायचं असल्याने ‘हू’ की ‘व्हॉट’ हे स्पर्धकांना आधीच लिहून ठेवायला सांगतात. त्यावरून व्यक्ती हवी की वस्तू, एवढं क्लू दिसण्याआधीच कळलेलं असतं. घड्याळ सुरू झालं की क्लूचे तुकडे पाडा. साल, आकडा, ठिकाण ही माहिती एका बाजूला. उलटणं, जोडणं, दोन अर्थ ही करामत दुसऱ्या बाजूला. आधी माहितीवरून उमेदवार शोधा, मग करामतीने त्याला तपासा. उलटं केलं तर शब्द फिरवण्यातच वेळ जातो. विसाव्या सेकंदापर्यंत काहीतरी लिहिलेलं असावं, पटलं नसलं तरी. शेवटच्या दहांत लिहिलेलं उत्तर ‘हे’च्या जागी ठेवून क्लू पुन्हा मनात वाचा. टोक्योच्या जागी क्योटो लिहिलेलं असेल तर ते याच वाचनात सापडतं.

शुद्धलेखनाची धास्ती मात्र नको. अंतिम क्लूला स्पेलिंग चुकलं तरी चालतं, उच्चार बदलला तर चालत नाही. २०१३ मध्ये मुलांच्या एका भागात ‘इमॅन्सिपेशन’ या शब्दात एक ‘टी’ जास्त पडला, तो ‘इमॅन्सिप्टेशन’ असा वाचला जाऊ लागला आणि उत्तर बाद झालं. एखादं मुकं अक्षर गाळलं असतं तर खपून गेलं असतं. इथे नवा आवाज शिरला. म्हणून लांब शब्द लिहिताना एकदा ओठांतल्या ओठांत, जसा लिहिलाय तसाच वाचून बघा. आणि अर्धा शब्द धरत नाहीत, तेव्हा शेवटचं अक्षर वेळेत पूर्ण करा.