मामांची विहीर आणि खाणीतला रेडिओ

मोहोळजवळ मामांची विहीर आहे, साठएक फूट, अर्ध्याखाली नुसता काळा पाषाण. मे महिन्यात गाळ काढायला मामा मोबाईल घेऊनच उतरले, पण निम्म्यात "हॅलो, हॅलो" आणि कट. मग नेहमीचंच, दोर एकदा हलला की पाटी वर घ्यायची, दोनदा हलला की थांबायचं. वर आल्यावर मला म्हणतात, "सोलापुरात रेडिओ दुरुस्त करतोस नव्हं, एवढं जमंना व्हय?"

म्हणून दुपारी त्यांचाच ट्रान्झिस्टर पाटीत घालून सोडला. तळाला एफएम गप्प, नुसती खरखर, पण मीडियम वेव्हला आकाशवाणीचं एक स्टेशन बारीक का होईना लागलं!

कारण फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला लाटेची कंपनं, जेवढी कमी तेवढी लाट दगडात खोल जाते, आणि मीडियम वेव्हची ती एफएम आणि मोबाईलपेक्षा बरीच कमी. मोबाईलची लाट दगडात शिरल्या शिरल्या विरते, खाणीसाठी शे-दोनशे मीटर खडकातून आरपार जायचं तर काही किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला काही हजार कंपनांपर्यंत, किंवा त्याच्याही खाली यावं लागतं, आणि तिथं अँटेना म्हणजे जमिनीवर पसरलेलं वायरचं मोठ्ठं वेटोळं. त्यातून बोलणं जेमतेम, बहुतेक वेळा चार शब्दांचा मेसेज. त्यात कोळशाच्या खाणीत मिथेन, पेट घेणारा वायू, म्हणजे ठिणगी न पडणारा सेट पाहिजे. एरवी खाणीच्या बोगद्यात लीकी फीडर टाकतात, म्हणजे मुद्दाम सिग्नल गळू देणारी केबल, पण स्फोटात तीच तुटली की खालचे मुके.

2 जानेवारी 2006 ला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सागो कोळसा खाणीत स्फोट झाला आणि आतल्यांशी संपर्क तुटला. अडकलेले लोक छताचे बोल्ट हातोड्यानं बडवत राहिले, वर कुणाला ऐकूच गेलं नाही. त्यात रेस्क्यू टीमचा निरोप तोंडातोंडी वर येताना बिघडला आणि घरच्यांना कळलं की बाराजण जिवंत आहेत. घंटा वाजल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि जवळजवळ तीन तासांनी खरं कळलं, बारा गेलेत, एकच वाचलाय. हे वाचलं की मला अजून कसंतरी होतं. त्याच वर्षी तिथं कायदा झाला, की तीन वर्षांत खाणीत वायरलेस संपर्काची सोय पाहिजे.

आपल्याकडं 2023 ला उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात 41 जण 17 दिवस अडकले तेव्हा पण खरा आधार पाईपचाच, त्यातूनच खाणं, हवा आणि बोलणं.

असो. ट्रान्झिस्टर वर काढताना पाटी कडेला आपटली आणि आवाजाचं बटण निखळलं, आता मामांचा रोज फोन, "झाला का रं दुरुस्त?"